अग्निशामकांचा अग्रणी : जेम्स ब्रेडवुड

कोठे आग लागली, की अग्निशामक दलाचा बंब घंटा वाजवीत धावून येतो. जवान उड्या टाकून उतरतात आणि आपल्या नायकाच्या हुकुमाबरोबर कामाला लागतात. ही शिस्त दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये नव्हती. ती ज्याने घालून दिली, त्या जेम्स ब्रेडवुडची ही कथा आहे.

ब्रेडवुडचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरात झाला. त्याचे वडील लाकडी सामान बनविण्याचा व्यवसाय करीत. शाळा संपल्यावर जेम्स बांधकामाच्या धंद्यात शिरला. भिंत कशाच्या आधारावर उभी असते, तुळई कोठे टेकते, हे त्याला तरुणपणीच पुरते उमगले. १८२४ साली एडिंबरो नगराने स्वतःचे अग्निशामक दल उभारले आणि त्याचे प्रमुखपद या चोवीस वर्षांच्या युवकाकडे सोपविले.

त्याची परीक्षा पाहण्यास विधात्याने फार काळ लावला नाही. काही आठवड्यांतच, १५ नोव्हेंबरच्या रात्री, नगराच्या जुन्या भागातील एका कारखान्यात आगीचा भडका उडाला. तेथील घरे उंच व एकमेकांस खेटून उभी होती. गल्ल्या तर इतक्या अरुंद, की बंब आत नेणेही मुष्कील. दलातील माणसे अजून पुरती शिकलेली नव्हती. त्यातच न्यायाधीश, पोलीस, विमा कंपन्यांचे अधिकारी असे सगळेच हुकूम सोडू लागले. एक म्हणे पाणी इकडे सोडा, दुसरा म्हणे तिकडे! ब्रेडवुडने ऐकावे तरी कोणाचे? आग काही दिवस धुमसत राहिली आणि सुमारे ४०० कुटुंबे निराधार झाली.

प्रारंभी लोकांनी ब्रेडवुडच्याच दलाला दोष दिला. पुढे चौकशीत खरे कारण उघडकीस आले. तेव्हापासून आगीच्या ठिकाणी एकट्या दलप्रमुखाचाच हुकूम चालावा, असे ठरले.

आता ब्रेडवुडने मनासारखे काम सुरू केले. त्याने सुतार, गवंडी, छपरे शाकारणारे असे कारागीर निवडून दलात घेतले, कारण ज्यांनी घरे बांधली, त्यांनाच ती कशी कोसळतात हेही ठाऊक असते. तो त्यांच्याकडून पहाटेच्या अंधारात सराव करून घेई. आग बहुधा रात्रीच लागते, मग दिवसाच्या उजेडातील सरावाचा उपयोग किती?

त्या काळी रस्त्यावर उभे राहून खिडकीतून पाणी फेकण्याची रीत होती. त्यातील बरेचसे पाणी ज्वाळांपर्यंत पोहोचतच नसे. ब्रेडवुडने शिकविले, की घरात शिरावे, आगीचे मूळ शोधावे आणि पाण्याचा झोत तेथेच सोडावा. धूर वर चढतो व जमिनीलगत थोडी बरी हवा उरते, म्हणून वाकून किंवा रांगत जावे. मात्र एकट्याने कधीही आत जाऊ नये. एक जण गुदमरून पडला, तर दुसऱ्याने त्याला बाहेर ओढावे. ही सारी विद्या त्याने १८३० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

१८३३ साली लंडनमधील विमा कंपन्यांनी आपली दले एकत्र केली आणि ८० माणसांच्या या नव्या दलाचे प्रमुखपद ब्रेडवुडला दिले. पुढल्याच वर्षी पार्लमेंटच्या इमारतीस आग लागली. ही सरकारी इमारत राखण्याची जबाबदारी त्याच्या दलावर नव्हती, तरीही तो माणसे व बंब घेऊन धावला. बराचसा भाग जळून गेला, पण वेस्टमिन्स्टर हॉल हे शतकांपूर्वीचे भव्य दालन वाचले.

एका बाबतीत मात्र तो मागे राहिला, असे म्हणावे लागते. वाफेवर चालणारे बंब निघाले, तरी त्याने ते लवकर स्वीकारले नाहीत. बंबाचा जोर वाढला, की माणसे पुन्हा दूर उभी राहतील, अशी त्याला शंका येई. हाताने चालविण्याच्या बंबांवर त्याच्या माणसांना कित्येक वर्षे घाम गाळावा लागला.

वॉटलिंग रस्त्यावरील मुख्य ठाण्यातच त्याचा संसार होता. पत्नी विधवा होती. तिच्या पहिल्या विवाहाच्या मुलालाही त्याने आपला मानले. हा मुलगा पित्याप्रमाणेच अग्निशामक झाला आणि १८५५ साली एका आगीत कामी आला. ब्रेडवुडने त्याला मूठमाती दिली. पण दलाचे काम सोडले नाही.

थेम्स नदीकाठच्या प्रचंड वखारींविषयी ब्रेडवुड अधिकाऱ्यांना वारंवार बजावीत असे. इतक्या मोठ्या वखारीस आग लागली, तर कोणतेही दल ती आवरू शकणार नाही, असे त्याचे मत होते. २२ जून १८६१ रोजी टूली रस्त्यावरील वखारी पेटल्या. आत ताग, कापूस, साखर आणि चरबी ठासून भरलेली. वितळलेली चरबी जळत जळत नदीत वाहू लागली. साठी उलटलेला ब्रेडवुड थकलेल्या जवानांमध्ये फिरून त्यांना धीर देत होता. एकाचा हात जखमी झालेला पाहताच त्याने आपल्या गळ्यातील रुमाल सोडून त्याला पट्टी बांधली. तो पुढे गेला आणि एक उंच भिंत त्याच्या अंगावर कोसळली.

ढिगारा इतका तापला होता, की त्याचा देह दोन दिवसांनी हाती लागला. आग पुरती विझण्यास सुमारे दोन आठवडे लागले. त्या हानीने विमा कंपन्या हबकल्या. एवढा भार आपल्याला पेलवणार नाही, असे त्यांनी सरकारला कळविले; तेव्हा १८६५ साली कायदा होऊन लंडनचे अग्निशामक दल सार्वजनिक झाले.

२९ जून १८६१ रोजी ब्रेडवुडची अंत्ययात्रा निघाली. ती सुमारे दीड मैल लांब होती. त्याला त्या मुलाच्या थडग्याशेजारीच पुरण्यात आले. त्याच्या गणवेशाची बटणे काढून ती दलातील जवानांना वाटून देण्यात आली.