शिवचरणी वाहिलेले दुःख

दुर्गापुऱ्यात संसार थाटलेल्या आम्हां मराठी जनांना पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या दुःखाची पहिली खूण याच राजस्थानात आढळते. भरतपूरनजीक कुंभेरच्या वेढ्यात १७५४ साली तोफेचा गोळा लागून त्यांचे पती खंडेराव होळकर पडले. चौंडीस १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई त्या वेळी तिशीच्याही आत होत्या. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेस मल्हाररावांनी परावृत्त केले. १७६६ मध्ये तो आधारही हरपला आणि पुढल्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव निवर्तले.

अशा समयी कोणी देवावर रुसतो, तर कोणी सारे टाकून देवाकडे धाव घेतो. अहिल्याबाई देवाकडे वळल्या, परंतु प्रजेकडे पाठ फिरवून नव्हे. राज्य शिवाचे, आपण केवळ कारभारी, या भावनेने त्यांनी महेश्वरी राहून कारभार केला. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घातले. पूजा आटोपल्यावर त्या रयतेची गाऱ्हाणी ऐकत. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभारले. तीर्थोतीर्थी घाट व धर्मशाळा बांधल्या.

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मातेची विनवणी न मानता कन्या मुक्ताबाई सती गेल्या. तरीही १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत अहिल्याबाईंनी ना पूजा सोडली, ना कारभार.

आप्तांपासून दूर असता संकट आले की आम्हीही देव्हाऱ्यापुढे बसतो. तेथून उठल्यावर समोर दिसणारे कर्तव्य हेही त्याच पूजेचे अंग होय, हे या मातेच्या चरित्रातून आम्हांस उमगते.