रक्त परत आलं तरी किडनीला इजा का होते? दीडशे वर्षांपूर्वी हे कोडं हाती घेणारे ज्यूलिउस कोनहाइम

खूप रक्तस्राव झाला किंवा जुलाबांनी शरीर कोरडं पडलं की किडनीला रक्त कमी पडतं. तिच्या पेशी मरू लागतात, पाठोपाठ सूज येते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. डॉक्टर याला दाह म्हणतात. हा दाह समजून घेण्याची सुरुवात झाली ती चक्क बेडकापासून.

ज्यूलिउस कोनहाइम यांचा जन्म १८३९ मध्ये प्रशियातल्या डेमिन गावी, ज्यू कुटुंबात झाला. डॉक्टर झाल्यावर ते बर्लिनला रुडॉल्फ फिरखो यांचे सहाय्यक झाले. फिरखो म्हणजे त्या काळातला या विषयातला शेवटचा शब्द. पू मधल्या पेशी दुखावलेल्या जागीच तयार होतात, असं ते मानत.

कोनहाइम यांनी बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पसरला आणि तासन्‌तास बघत बसले. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटत होत्या आणि हळूहळू तिच्यातून बाहेर सरकत होत्या. म्हणजे त्या रक्तातूनच येत होत्या! हे आधीही एक-दोघांनी पाहिलं होतं, पण विसरलं गेलं होतं. १८६७ मध्ये कोनहाइम यांनी ते छापलं, तेही फिरखो यांच्याच नियतकालिकात. वय अवघं २८. गुरूचं मत खोडायला धाडस लागतं, आणि ते छापायला गुरूही तसाच लागतो.

पुढचा प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. सशाच्या कानाचा रक्तपुरवठा त्यांनी बांधून थांबवला आणि मग सोडला. थोडा वेळ थांबवला तर कान पूर्ववत व्हायचा. जास्त वेळ थांबवला तर रक्त परत आल्यावर सूज यायची, पांढऱ्या पेशी बाहेर पडायच्या. त्याहून जास्त वेळ गेला तर कानच मरायचा. उपाशी राहिलेली रक्तवाहिनीची भिंतच बिघडते, असा त्यांनी अर्थ लावला.

किडनीबद्दलही त्यांनी १८७२ मध्ये लिहिलं. तिच्या धमन्यांना शेजारच्या धमन्यांचा आधार नसतो. एक बुजली की तिच्या वाट्याचा पाचरीच्या आकाराचा भाग मरतो.

कील, ब्रेस्लाऊ, लाइपझिग अशा विद्यापीठांत शिकवत असताना गाऊटनं त्यांना गाठलं. १८८४ मध्ये, ४५ व्या वर्षी ते गेले.

किडनी प्रत्यारोपणात काढलेली किडनी काही काळ रक्ताविना राहते, मग तिच्यात पुन्हा रक्त सोडलं जातं. ती लगेच काम करेल की काही दिवस डायलिसिस लागेल, हे ठरवण्यात सशाच्या कानात दिसलेल्या त्याच प्रक्रियेचा मोठा वाटा असतो.