डेटन गावचे मास्तर : जॉन स्कोप्स



राज्य मंडळाने २०१८ साली दहावीसाठी काढलेले विज्ञानाचे पुस्तक घरात असेल तर त्याचा दुसरा भाग जरा हाती घ्या. त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. भोर-वेल्ह्याकडचा विद्यार्थी तो वाचतो, प्रश्नोत्तरे पाठ करतो आणि परीक्षा देऊन मोकळा होतो. थबकतात ती घरची वडीलधारी माणसे. माणूस माकडापासून झाला असे शाळेत शिकवतात काय, असा प्रश्न ती विचारतात. विचारण्यात गैर काहीच नाही. हाच प्रश्न १९२५ साली अमेरिकेतील एका लहानशा गावात थेट न्यायालयात गेला. आरोपीच्या जागी उभे राहिले ते कोणी नामांकित शास्त्रज्ञ नव्हते. ते होते मुलांना फुटबॉल शिकवणारे चोवीस वर्षांचे एक मास्तर. त्यांचे नाव जॉन टॉमस स्कोप्स.

स्कोप्स यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी केंटकी राज्यातील पॅड्युका गावी झाला. वडील इंग्लंडहून आलेले, रेल्वेच्या कारखान्यातले कामगार आणि कामगार संघटनेचे कट्टर कार्यकर्ते होते. घरात पैसा बेताचा, पण वाचनाला तोटा नव्हता. पुढे कुटुंब इलिनॉय राज्यातील सेलम या गावी गेले आणि तेथूनच १९१९ साली स्कोप्स शाळेतून उत्तीर्ण झाले. त्या वर्षीच्या समारंभाला पाहुणे म्हणून आले होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन, त्याच गावचे सुपुत्र आणि देशभर गाजलेले वक्ते. भाषण चालू असताना स्कोप्स आणि त्यांचे काही सोबती हसले आणि ते ब्रायन यांच्या ध्यानात राहिले म्हणतात. सहा वर्षांनी या दोघांची पुन्हा गाठ पडायची होती.

केंटकी विद्यापीठाची पदवी घेऊन स्कोप्स १९२४ साली टेनेसी राज्यातील डेटन गावी नोकरीला लागले. पगार महिना १५० डॉलर. काम खेळ शिकवण्याचे, शिवाय गणित आणि भौतिकशास्त्राचे तास. गावाची वस्ती दोन हजारांच्याही आत होती. आपल्या वेल्ह्यासारखे, बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांना ओळखावे असे गाव. जीवशास्त्र हा त्यांचा विषयच नव्हता. तो शिकवणारे मुख्याध्यापक आजारी पडले म्हणून काही दिवस त्यांनी बदली तास घेतले, एवढेच.

त्याच शैक्षणिक वर्षात, म्हणजे मार्च १९२५ मध्ये, टेनेसीत एक कायदा झाला. जॉन बटलर नावाच्या शेतकरी आमदाराने तो मांडला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत वा विद्यापीठात बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारणारा आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून उतरला असे सांगणारा सिद्धांत शिकवणे हा गुन्हा ठरला. दंड १०० ते ५०० डॉलर. मौज अशी की राज्याने शाळांना लावून दिलेल्या जॉर्ज हंटर यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातच उत्क्रांतीचा भाग होता. पुस्तक शिकवावे तर कायदा मोडतो, न शिकवावे तर अभ्यासक्रम बुडतो, अशी शिक्षकांची कोंडी झाली.

न्यूयॉर्कच्या नागरी स्वातंत्र्य संघाने वर्तमानपत्रात निवेदन दिले की, हा कायदा न्यायालयात तपासून घ्यायला तयार असेल त्या शिक्षकाचा खर्च आम्ही करू. डेटनमधील चार जाणत्यांनी ते वाचले. गावच्या खाणी-कारखान्यांचा धंदा बसला होता. खटला येथे भरला तर गावाचे नाव होईल, चार पैसे येतील, असा त्यांचा हिशेब. ५ मे रोजी रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात बैठक बसली आणि टेनिस खेळत असलेल्या स्कोप्स यांना निरोप धाडून बोलावले गेले. दुकानदार रॉबिन्सन हे शाळा मंडळाचेही प्रमुख आणि शाळेची पुस्तके विकणारेही तेच. म्हणजे गुन्ह्याचे साधन त्यांच्याच कपाटात विकायला ठेवलेले! स्कोप्स यांना उत्क्रांतीचा धडा आपण नेमका शिकवला की नाही हे नीटसे आठवतही नव्हते. पण हे पुस्तक टाळून जीवशास्त्र शिकवता येत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. ते हो म्हणाले. सरकारी बाजूने उभे राहिलेले गावातले तरुण वकील त्यांचे मित्रच होते.

मित्रांनो, इथपर्यंतची हकिकत लुटुपुटुच्या लढाईसारखी वाटेल, आणि काही अंशी ती तशी होतीही. पण दोन मोठी नावे आली आणि रंग पालटला. सरकारच्या बाजूने स्वतः ब्रायन आले. बचावाला आले शिकागोचे क्लॅरेन्स डॅरो, त्या काळचे सर्वांत नामांकित फौजदारी वकील, देवाधर्माविषयी उघड शंका घेणारे.

ब्रायन यांची नुसती टिंगल करण्याची पद्धत पडली आहे. ती मला पटत नाही. तीनदा त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि तिन्ही वेळा हरले. अमेरिका युद्धाकडे ओढली जाते आहे असे दिसताच १९१५ साली त्यांनी परराष्ट्रमंत्रीपद सोडले. आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे १९०६ साली ते हिंदुस्थानात येऊन गेले आणि परत जाऊन इंग्रजी राज्यावर कडक टीका करणारा लेख त्यांनी लिहिला. बलवानाने दुबळ्याला चिरडावे हाच निसर्गाचा नियम, अशी शिकवण मुलांना मिळाली तर माणुसकी संपेल, ही त्यांची खरी भीती होती. ती अगदीच हवेतली नव्हती. हंटर यांच्या त्याच पुस्तकात मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना सर्वांत वर बसवले होते आणि दुबळ्यांची पैदास रोखण्याचा उपदेशही होता. हे उत्क्रांतीचे शास्त्र नव्हे. तो त्या काळचा गर्व होता, शास्त्राच्या कपड्यात फिरणारा. मात्र असा मजकूर काढून टाका अशी मागणी कोणी केली नाही. हरकत होती ती माणसाच्या उत्पत्तीविषयीच्या पानांना.

आणि ती पाने तरी काय सांगत होती? आज जिवंत असलेल्या माकडापासून माणूस झाला, असे चार्ल्स डार्विन यांनी कधीच म्हटले नाही. १८५९ आणि १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन ग्रंथांचा आशय असा, की जीवजाती अतिदीर्घ काळात बदलत जातात, आणि माणूस व वानर यांचे पूर्वज फार मागे कोठेतरी एकच होते. दोन चुलत घराण्यांचा खापरपणजोबा एक असावा तसे. शाळेत हा फरक नीट सांगितला तर घरातले निम्मे भांडण मिटते, असा माझा अनुभव आहे.

खटला १० जुलै १९२५ रोजी सुरू झाला. अंगाची लाही करणारा उन्हाळा, गावात दोनशेच्या आसपास बातमीदार, रस्त्यावर लिंबूसरबताची दुकाने आणि कपडे घातलेली माकडे. शिकागोच्या एका नभोवाणी केंद्राने कामकाज थेट प्रक्षेपित केले. पंच बारा, बहुतेक शेतकरी. साक्षीला चौदा वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि मास्तरांनी काय शिकवले ते त्याने सांगितले. धडा ऐकून तुझे काही बिघडले का, असे डॅरो यांनी विचारले, तेव्हा त्याने नाही म्हटले.

बचाव पक्षाने बोलावलेल्या शास्त्रज्ञांची साक्ष पंचांपुढे होऊ देण्यास न्यायाधीश रॉल्स्टन यांनी नकार दिला. मग २० जुलै रोजी डॅरो यांनी अजब डाव टाकला. गर्दीने मजला खचेल या भीतीने कामकाज बाहेर हिरवळीवर नेले होते. तेथे त्यांनी विरुद्ध पक्षाच्या वकिलालाच, म्हणजे ब्रायन यांना, बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. पृथ्वीचे वय काय, सूर्य थांबला तो कसा, असे प्रश्न झडत राहिले. सृष्टीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस असे नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील, असे ब्रायन यांनी मान्य केले. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष कामकाजातून काढून टाकली.

शेवटी डॅरो यांनी स्वतःच पंचांना दोषी ठरवा म्हणून सांगितले, कारण त्यांना वरच्या न्यायालयात जायचे होते. पंचांना नऊ मिनिटे लागली. दंड १०० डॉलर. स्कोप्स यांना अख्ख्या खटल्यात साक्षीला बोलावलेच नाही. शिक्षा सांगितल्यावर ते थोडके बोलले: हा कायदा अन्यायाचा आहे आणि आपण यापुढेही त्याला विरोध करू. पाच दिवसांनी, २६ जुलै रोजी, ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले.

आता आपल्याकडे वळू. उत्क्रांतीविषयी मुस्लिम विद्वानांत आजही एकमत नाही. काही ती सर्व सजीवांबाबत मानतात, काही माणसाचा अपवाद करून मानतात, काही मानतच नाहीत. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझ यांनी किताब अल्-हयवान या ग्रंथात प्राण्यांची जगण्याची धडपड आणि परिसराचा त्यांच्यावर होणारा परिणाम यांची निरीक्षणे नोंदवली. डार्विनचा सिद्धांत त्यांनी आधीच मांडला होता, असे उत्साहाच्या भरात सांगितले जाते. ते बरोबर नाही. पण प्राणिसृष्टीकडे डोळे उघडून पाहण्यात त्यांना धर्माची अडचण वाटली नाही, एवढे खरे.

आणि हा वाद केवळ अमेरिकेचा आहे असेही समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातील शिक्षण राज्यमंत्र्यांनी औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका संमेलनात डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून अभ्यासक्रम बदलावा असे विधान केले आणि देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध केला. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्यांचे पत्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डार्विन व आइन्स्टाइन यांचे सिद्धांत चुकीचे आहेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयाने ती फेटाळली. शास्त्रीय सिद्धांत खोडून काढण्याची ती जागा नव्हे, असा त्याचा रोख होता.

स्कोप्स यांचे पुढे काय झाले? त्यांच्याकडे व्याख्यानांची आणि नाटक-सिनेमावाल्यांची बोलावणी आली. त्यांनी ती नाकारली. साक्षीला आलेल्या शास्त्रज्ञांनी वर्गणी काढून त्यांना शिकागो विद्यापीठात भूशास्त्र शिकायला पाठवले. मात्र पुढील शिक्षणासाठी मागितलेली शिष्यवृत्ती या खटल्याच्या नावामुळेच हुकली. त्यांची बहीण लीला पॅड्युकाच्या शाळेत गणित शिकवत असे. उत्क्रांतीवरील विश्वास सोडल्याचे सांगायला तिने नकार दिला म्हणून तिला पुन्हा नेमणूक मिळाली नाही. गणिताची शिक्षिका! या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत अधिक बोचते ते हे.

१९२७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण कारण एवढेच, की ५० डॉलरांवरचा दंड न्यायाधीशाने नव्हे, पंचांनी ठरवायला हवा होता. कायदा तसाच राहिला. त्याहून वाईट म्हणजे पुस्तकवाल्यांनी धसका घेतला आणि कितीतरी वर्षे शालेय पुस्तकांत उत्क्रांती हा शब्दही अंग चोरून राहिला.

स्कोप्स व्हेनेझुएलात तेल शोधायला गेले. तेथे भेटलेल्या मिल्ड्रेड यांच्याशी लग्न करताना त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे लुईझियानातील श्रीव्हपोर्ट येथे एका गॅस कंपनीत निवृत्तीपर्यंत भूशास्त्रज्ञ म्हणून काम केले. १९६० साली खटल्यावरच्या चित्रपटाच्या निमित्ताने ते डेटनला गेले, तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला. १९६७ साली टेनेसीने तो कायदा मागे घेतला. त्याच वर्षी स्कोप्स यांचे आत्मचरित्र निघाले. १९६८ साली आर्कान्सा राज्यातील सुझन एपर्सन या शिक्षिकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील असाच कायदा घटनाबाह्य ठरवला. २१ ऑक्टोबर १९७० रोजी स्कोप्स वारले. त्यांना पॅड्युकात दफन केले.

डेटनचे ते विटांचे न्यायालय अजून उभे आहे. आवारात ब्रायन यांचा पुतळा २००५ साली बसवला आणि डॅरो यांचा २०१७ साली.