शब्दांचा श्रमिक : डॉक्टर जॉन्सन

इंग्रजीत कारभार चालणाऱ्या कचेऱ्यांत आमच्या पिढीची हयात गेली. प्रत्येक बदलीच्या गावी सामानाबरोबर एक इंग्रजी कोशही हिंडत राहिला. आता आमची मुले स्पर्धापरीक्षांसाठी कठीण इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात आणि परीक्षा सरताच विसरतात. अशा वेळी इंग्रजीचा थोर कोशकार डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन याच्या चरित्राचे स्मरण उचित ठरेल.

जॉन्सनचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडातील लिचफील्ड येथे झाला. वडील पुस्तकविक्रेते, परंतु घरात पैशाची चणचण. बालपणीच गंडमाळेच्या विकाराने त्याची दृष्टी अधू झाली. तथापि दुकानातील ग्रंथांवर त्याने मनसोक्त ताव मारला. १७२८ साली तो ऑक्सफर्डला गेला खरा, पण द्रव्याअभावी सुमारे वर्षभरात पदवीवाचून परतला. पुढे काढलेली शाळाही चालली नाही. अखेर १७३७ साली, पुढे नट म्हणून कीर्ती पावलेला आपला शिष्य डेव्हिड गॅरिक याच्यासह, त्याने लंडनची वाट धरली आणि मासिकांसाठी लेखन करून कसाबसा चरितार्थ चालविला.

१७४६ साली लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी पंधराशे गिनींच्या मोबदल्यात त्याच्याशी कोशाचा करार केला. तीन वर्षांत काम उरकण्याची त्याची उमेद होती. लागली जवळजवळ नऊ. गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसले. जॉन्सनने नामांकित लेखकांचे ग्रंथ वाचावेत, शब्द जेथे नेमका योजलेला दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी, लेखनिकांनी ते वाक्य उतरून घ्यावे, आणि अशा अनेक वाक्यांवरून अर्थाच्या छटा निश्चित कराव्यात, असा क्रम असे. 'टेक' या साध्या क्रियापदाचेच त्याने शंभरांहून अधिक अर्थ नोंदविले.

काम चालू असतानाच १७५२ साली पत्नी निवर्तली. आरंभी उदासीन राहिलेले लॉर्ड चेस्टरफील्ड काम संपत येताच स्तुती करू लागले, तेव्हा या निर्धन लेखकाने पत्र लिहून तो उशिराचा आश्रय बाणेदारपणे नाकारला. १५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात बेचाळीस हजारांवर शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे होती. त्याच वर्षी ऑक्सफर्डने त्याला एम. ए. ही पदवी सन्मानपूर्वक दिली. परंतु मोबदला केव्हाच खर्ची पडला होता. १७५६ साली कर्जापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसनच्या मदतीने सुटका झाली. १७५९ साली मातोश्रींच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठी त्याने 'रासेलस' ही कथा लिहिली. १७६२ साली सालीना तीनशे पौंडांचे राजवेतन मिळाले, तेव्हा कोठे त्याची विवंचना मिटली. १३ डिसेंबर १७८४ रोजी त्याचे देहावसान झाले.

मराठीशी त्याचे नाते जुने आहे. 'रासेलस'चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त जॉन्सनचे विस्तृत चरित्रही लिहिले.

आमच्या मते या चरित्राचा बोध स्पष्ट आहे. यादीतून घोकलेला शब्द परीक्षेपुरता टिकतो. चांगल्या ग्रंथात, त्याच्या शेजारच्या शब्दांसह भेटलेला शब्द आपलासा होतो. इंग्रजीच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच परप्रांती वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या मराठीच्या बाबतीतही खरे आहे. म्हणून घरात दोन्ही भाषांचे कोश असावेत. आणि त्याहून अधिक, दोन्ही भाषांचे ग्रंथ असावेत.