लेकीसाठी इंजिनिअर झालेली ललिता

मैत्रिणींनो, मुलगी दहावी झाली की घरोघरी चर्चा सुरू होते. नर्सिंगला घालू, बी.ए. करू दे, फार तर कॉम्प्युटर. आयटीआयचं नाव निघालं की लगेच कोणीतरी म्हणतं, मशिन, ऑइल, पाने हे पोरांचं काम! अशा वेळी मला ए. ललिता यांची गोष्ट हटकून सांगावीशी वाटते.

अय्यलसोमयाजुला ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रासला, तेलुगू कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी लग्न झालं. अठराव्या वर्षी मुलगी झाली आणि ती चार महिन्यांची असतानाच नवरा वारला. त्या काळात विधवा बाईचं जिणं म्हणजे काय होतं, ते आपल्या आज्यांनी पाहिलंय. ललिता मात्र माहेरी आल्या आणि त्यांनी ठरवलं, शिकायचं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं.

आधी डॉक्टरकीचा विचार होता. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री धावावं लागतं, मग तान्ह्या लेकीचं कसं? दिवसाचं, ठरल्या वेळेचं काम हवं म्हणून त्यांनी इंजिनिअरिंग निवडलं. वडील पप्पू सुब्बा राव गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातच प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला. शेकडो मुलांत ही एकटी मुलगी! लेक नातेवाइकांकडे, आई होस्टेलवर. पुढे लीलाम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी आल्या, तेव्हा सोबत मिळाली. १९४३ साली शिक्षण पुरं झालं. प्रमाणपत्रावर छापलेला पुल्लिंगी शब्द खोडून तिथे हाताने स्त्रीलिंगी लिहावा लागला, कारण छापणाऱ्यांनी मुलगी धरलीच नव्हती!

पण नुसत्या पुस्तकांनी इंजिनिअर होत नाही. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी ललिता वर्षभर बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारीला गेल्या. १८६२ सालचा हा कारखाना, रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीचं मोठं केंद्र. आजही अशा ठिकाणी बाई दिसली की माना वळतात, मग तेव्हाचा विचार करा! तरी त्यांनी वर्ष पुरं केलं.

नंतर सिमल्याला सरकारी नोकरी, मग काही काळ वडिलांना संशोधनात मदत. पण पैशाची ओढाताण होती, म्हणून १९४८ मध्ये त्या कोलकात्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज कंपनीत लागल्या. भावाचं घर तिथेच, त्यामुळे लेकीची काळजी मिटली. विजेच्या वाहक तारा, सबस्टेशन यांचे आराखडे त्यांनी केले. भाक्रा-नांगल धरणाच्या जनरेटरच्या कामालाही त्यांचा हात लागला. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथेही त्या गेल्या. १९७७ मध्ये निवृत्त झाल्या आणि १२ ऑक्टोबर १९७९ रोजी साठाव्या वर्षी गेल्या. दुसरं लग्न केलं नाही. लेकीला छान शिकवून मोठं केलं.

ललितांची जिद्द मोठी, पण त्यामागे वडील होते, भावाचं घर होतं, हे विसरू नका. आपल्या आळीतही एखादी तरुण विधवा असेल, कुणाची सून, कुणाची लेक. दिवसकार्य आटोपलं की नातेवाईक पांगतात आणि ती कोपऱ्यात बसून राहते. तिला शिकायला पाठवा. दिवसभर तिचं मूल सांभाळायला आपण आहोतच की!