सांता आना आणि मेक्सिकोच्या दोन राज्यघटना

मेक्सिकोच्या इतिहासात १८२१ ते १८५५ या चौतीस वर्षांचे एकही पान ज्याचे नाव घेतल्यावाचून उलटता येत नाही, असा पुरुष म्हणजे आंतोनियो लोपेस दे सांता आना. नाव परके वाटले, तरी आमच्या गोव्यातील विद्यार्थ्यांना ते उच्चारताना अडखळण्याचे कारण नाही. तिसवाडीतील तळावलीचे चर्च ज्या संत आनाचे, तिचेच हे नाव. तथापि या नावाच्या धन्याला संत म्हणावे, असे त्याच्या चरित्रात फारसे काही सापडत नाही. तरीही ते चरित्र वाचावे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संघराज्य आणि एककेंद्री राज्य यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. त्या दोन शब्दांपायी एका नवजात प्रजासत्ताकाचे काय झाले, हे या एका माणसाच्या आयुष्यात दिसते.

सांता आना २१ फेब्रुवारी १७९४ रोजी व्हेराक्रूझ प्रांतातील हालापा या डोंगराळ गावी जन्मला. त्या वेळी मेक्सिको ही स्पेनची वसाहत होती. घरची स्थिती बरी होती. मुलाने व्यापारात पडावे अशी वडिलांची इच्छा, पण मुलाचे चित्त तलवारीकडे लागलेले! १८१० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो स्पेनच्या सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षी मेक्सिकोत स्वातंत्र्याचा उठाव सुरू झाला आणि हा तरुण तो मोडून काढणाऱ्यांच्या बाजूने लढू लागला. १८१३ मध्ये टेक्सासमधील मेदिना येथील लढाईनंतर त्याच्या सेनापतीने बंडखोर कैद्यांना सरसकट गोळ्या घालून ठार केले. ते त्याने जवळून पाहिले. तेवीस वर्षांनंतर त्याच टेक्सासात त्याने स्वतः जे केले, त्याचे बीज बहुधा येथेच असावे.

१८२१ मध्ये वारा फिरला, तसा सांता आनाही फिरला. स्पेनचा पक्ष सोडून तो इतुर्बिदे या सेनानीला मिळाला. देश स्वतंत्र झाला आणि पुढल्या वर्षी इतुर्बिदेने सम्राटाचा मुकुट घातला. परंतु सम्राटाने व्हेराक्रूझची सेनापतिपदाची जागा काढून घेताच सांता आनाने डिसेंबर १८२२ मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा केली! प्रजासत्ताक म्हणजे काय, हे त्याला तेव्हा नीटसे ठाऊक नव्हते, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. मार्च १८२३ मध्ये इतुर्बिदेला पदत्याग करावा लागला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत सान लुईस पोतोसी येथे सांता आनाने आपण संघराज्याचे रक्षक आहोत असे जाहीर केले. हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. संघराज्याचा हा रक्षकच पुढे त्याचा मारेकरी ठरणार होता.

४ ऑक्टोबर १८२४ रोजी नव्या राष्ट्राची राज्यघटना सिद्ध झाली. तिच्यानुसार मेक्सिको हे १९ घटकराज्ये व ४ प्रदेश यांचे संघराज्य झाले. प्रत्येक घटकराज्याला आपले विधिमंडळ, आपला राज्यपाल, आपला खजिना आणि आपली नागरी सेना होती. तीनशे वर्षे सर्व हुकूम राजधानीतून घेण्याची सवय लागलेल्या लोकांना ही गोष्ट लहान नव्हती. घटनेच्या १७१ व्या कलमाने असे बजावले होते की, स्वातंत्र्य, धर्म, मुद्रणस्वातंत्र्य आणि शासनाचे स्वरूप यांविषयीची कलमे कधीही बदलता येणार नाहीत. कधीही! तो शब्द अकरा वर्षे टिकला.

या घटनेत दोष नव्हते असे नाही. केंद्राचा खजिना नेहमी रिकामा असे. घटकराज्यांनी केंद्राला ठराविक वर्गणी द्यावी असा नियम होता, पण पुष्कळ राज्ये ती वेळेवर देत नसत. सैन्याचा पगार थकला की एखादा सेनापती जाहीरनामा काढून बंड करी. १८२८ नंतर निवडणुकीपेक्षा बंडानेच अध्यक्ष बदलू लागले आणि अशा दोन बंडांत सांता आना स्वतः पुढे होता. लुकास आलामान यांच्यासारखे विद्वान मुत्सद्दी सांगू लागले की हा देश संघराज्याला अजून योग्य नाही. त्याला बळकट केंद्र हवे. धर्मगुरू, सेनाधिकारी आणि मोठे जमीनदार यांना हे पटत होते. त्यांचे भय सर्वस्वी खोटे होते असे मला वाटत नाही. पण घर गळते म्हणून दुरुस्ती करणे वेगळे आणि छप्परच उतरविणे वेगळे.

१८२९ मध्ये स्पेनने तांपिको येथे उतरविलेली फौज सांता आनाने शरण आणली. तो राष्ट्राचा लाडका वीर झाला आणि १८३३ मध्ये संघराज्यवाद्यांच्या पाठिंब्याने अध्यक्षपदी निवडून आला. पण त्याला राज्य हवे होते, राज्यकारभार नको होता. प्रकृतीचे निमित्त करून तो व्हेराक्रूझजवळच्या आपल्या मांगा दे क्लावो या विस्तीर्ण जमीनदारीवर जाऊन राही. तेथे कोंबड्यांच्या झुंजी हा त्याचा आवडता छंद. राजधानीत कारभार पाही उपाध्यक्ष वालेंतीन गोमेस फारियास. हे पेशाने वैद्य, विचाराने सुधारक. त्यांनी धर्मपीठाच्या दशांश करामागची सरकारी सक्ती काढली, उच्च शिक्षण धर्मगुरूंच्या हातून काढून घेतले आणि सेनेचे विशेषाधिकार कमी करण्यास आरंभ केला. अर्थात चोहोंकडून ओरड झाली. सांता आना घरी बसून कोणती बाजू जड होते ते पाहत होता.

१८३४ च्या वसंतात ते दिसले. तो राजधानीत आला, काँग्रेस बरखास्त केली आणि आपल्याच उपाध्यक्षाच्या सुधारणा बव्हंशी रद्द केल्या. नवी काँग्रेस निवडली गेली ती १८२४ च्या घटनेनुसारच. पण १८३५ मध्ये तिने आपण घटना करणारी सभा आहोत असे स्वतःच ठरविले. मार्च १८३५ च्या कायद्याने राज्यांच्या नागरी सेना दर ५०० लोकवस्तीमागे एक शिपाई एवढ्यावर आणण्यात आल्या. चांदीच्या खाणींनी संपन्न असलेल्या झाकातेकास राज्याने हा कायदा मानण्याचे नाकारले. सांता आना स्वतः चालून गेला. मे महिन्यात राज्याची सेना मोडली, सैनिकांनी नगर लुटले आणि शिक्षा म्हणून आग्वासकालियेंतेस हा भाग झाकातेकासपासून तोडला गेला. राज्यांचे हक्क घटनेच्या कागदावर असतात, हे खरे. झाकातेकासला ते राखण्यासाठी शिपायांची गरज पडली आणि तेही अपुरे ठरले.

ऑक्टोबर १८३५ मध्ये संघराज्य संपले. डिसेंबर १८३६ पर्यंत पुरी झालेली नवी घटना ‘सात कायदे’ या नावाने ओळखली जाते. राज्यांचे ‘विभाग’ झाले. त्यांची विधिमंडळे गेली, राज्यपाल केंद्र नेमू लागले, महसूल केंद्राच्या हाती गेला. अध्यक्षाची मुदत आठ वर्षे झाली. सर्वांच्या वर पाच जणांचे एक सर्वोच्च मंडळ बसविले. ते कोणताही कायदा रद्द ठरवू शके आणि आपल्या कृत्यांबद्दल ईश्वर व लोकमत यांखेरीज कोणालाही जबाबदार नव्हते. मत देण्यास वर्षाला १०० पेसोंचे उत्पन्न हवे, प्रतिनिधी होण्यास १५००, अध्यक्ष होण्यास ४०००. घरगड्यांचे नागरिकत्वाचे हक्क स्थगित झाले. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचे हक्क १८४६ पासून स्थगित व्हावयाचे होते. शिक्षक म्हणून मला हे कलम विशेष खटकते. शाळा किती काढाव्या, हे प्रथम ठरवावयाचे, की हक्क कोणाचे काढावे, हे?

आश्चर्य असे की ही घटना पुरी झाली तेव्हा सांता आना देशात नव्हता. संघराज्य मोडताच टेक्सासात बंड झाले. तेथील अमेरिकन वसाहतवाल्यांना १८२४ ची घटना हवी होती, तसेच मेक्सिकोने कायद्याने बंद केलेले गुलामही ठेवावयाचे होते. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सांता आनाने ६ मार्च १८३६ रोजी आलामोचा गढीवजा मठ घेतला आणि त्याच महिन्यात गोलियाद येथे त्याच्या आज्ञेने शेकडो कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मेदिनाचा धडा त्याने नीट गिरविला होता! पण २१ एप्रिलला सान हासिंतो येथे दुपारच्या विश्रांतीत असलेल्या त्याच्या छावणीवर ह्यूस्टनने हल्ला केला आणि अठरा मिनिटांत लढाई आटोपली. दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या वेषात तो पकडला गेला. राजधानीत नव्या घटनेवर शेवटचा हात फिरत होता, तेव्हा तिची वाट मोकळी करून देणारा हा पुरुष परक्यांचा कैदी होता.

बळकट केंद्र देश एकत्र राखील, अशी आशा होती. टेक्सास तर गेलेच; १८४१ मध्ये युकातानने स्वातंत्र्य जाहीर केले.

सांता आना मात्र परतला. १८३८ मध्ये फ्रेंच आरमाराशी व्हेराक्रूझला लढताना त्याचा डावा पाय गेला आणि लोक जुने सारे विसरले. १८४२ मध्ये, पुन्हा सत्तेवर असताना, त्याने तो पाय राजधानीत लष्करी इतमामाने पुरविला. १८४४ मध्ये चिडलेल्या जमावाने तो उकरून रस्त्यातून फरफटत नेला. १८४६ मध्ये हद्दपारीतून तो आला तो कोणता झेंडा घेऊन? संघराज्याचा! त्याच ऑगस्टमध्ये १८२४ ची घटना पुन्हा जारी झाली. पण तेव्हा अमेरिकेशी युद्ध सुरू झाले होते. १८४८ च्या तहाने दीड कोटी डॉलरांच्या मोबदल्यात, टेक्सास धरून, देशाचा सुमारे निम्मा मुलूख गेला. १८५३ मध्ये तो शेवटचा सत्तेवर आला; या वेळी घटना कोणतीच नव्हती, केवळ ‘महामहिम’ ही पदवी होती. १८५५ मध्ये आयुत्लाच्या उठावाने त्याला देश सोडावा लागला.

एकोणीस वर्षांनी, १८७४ मध्ये, त्याला परत येऊ दिले. दृष्टी अधू झाली होती, संपत्ती गेली होती. स्वागतास गर्दी झाली नाही. २१ जून १८७६ रोजी राजधानीत तो वारला. त्या वेळी देशात १८५७ ची घटना चालू होती आणि ती संघराज्याची होती.