कॅम्डेनची गोल शेड आणि रॉबर्ट स्टीफन्सन: बिडाचे खांब टिकले, पूल का पडला?

रॉबर्ट स्टीफन्सन यांचा जन्म १८०३ चा, इंग्लंडमधला. वडील जॉर्ज यांच्या साथीने त्यांनी ‘रॉकेट’ इंजिन घडवले. १८३८ मध्ये त्यांचा लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेमार्ग पूर्ण झाला. याच मार्गावर लंडनच्या कॅम्डेनमध्ये १८४७ साली इंजिनांसाठी गोल शेड, म्हणजे राउंडहाउस उभे राहिले. आराखड्याचे श्रेय मात्र त्यांचे सहकारी रॉबर्ट डॉक्रे यांना द्यायला हवे. मधोमध टर्नटेबल, त्यावर इंजिन फिरवायचे आणि भोवतीच्या रिकाम्या रुळावर सरकवायचे. वरचे शंकूसारखे छत बिडाच्या २४ खांबांनी पेलले. बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चे. खांबांवर मुख्यतः दाबच येतो. ते आजही उभे आहेत.

त्याच वर्षी मे महिन्यात चेस्टरला डी नदीवरचा स्टीफन्सन यांचा पूल गाडीखाली कोसळला. पाच जणांचा जीव गेला. भार आला की तुळईच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि इथे तुळयाही बिडाच्याच होत्या! चौकशीत स्टीफन्सन यांची सारी प्रतिष्ठा पणाला लागली. १८५० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ब्रिटानिया पुलाच्या नळ्या घडीव लोखंडाच्या होत्या. ते ताणही झेलते.

मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्या जीआयपी रेल्वेचेही ते सल्लागार अभियंता होते. १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले. इंजिने लांब होत गेली, कॅम्डेनच्या शेडमध्ये मावेनाशी झाली. मग तिथे मद्याचे गोदाम आले. आता संगीताचे कार्यक्रम होतात.